नवव्या खिडकीबाबत

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणतीस, धंदा नाच शिकवणे व नाच बसवणे, राहणार सध्या बॅटरीच्या दुकानावरची मागची खोली (त्याआधी कुठे कुठे राहिलो ते लिहायला बसलो तर कागद पुरणार नाही), आज रोजी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्या धाकाला अगर लाडीगोडीला बळी न पडता हे लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबाबत माझ्या थोरल्या भावाचं मत वेगळं पडेल, पण ते पहिल्यापासूनच वेगळं आहे, तेव्हा ते धरू नये.

लिहिण्याचं कारण असं की माझ्या उजव्या खांद्यात, बगलेच्या वरच्या अंगाला, लिंबाएवढी गाठ आहे आणि ती एका मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून बसली आहे. येत्या गुरुवारी कापणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं काही नाही, पण घरच्यांशी एकदा बोलून घ्या." ही दोन वाक्यं एका दमात बोलायला त्यांना कॉलेजात शिकवत असावेत.

कोर्टासमोर टेबल मांडून बसणाऱ्या टंकलेखक काकांनी मला मृत्युपत्राचा नमुना दाखवला. आधी स्थावर, मग जंगम, मग उरलेलं. "आणि मनातलं काही लिहू नका, त्याला कोर्टात किंमत नसते," म्हणाले. मी म्हटलं, मग माझ्याकडे लिहिण्यासारखं फारसं उरतच नाही. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "लिहा बापडे. स्वतःच्या हाताने लिहा, मी टाईप करणार नाही एवढं." म्हणून हे हाताने.

कलम एक, स्थावर. आईवडिलांच्या दोन खोल्यांत माझा अर्धा हिस्सा आहे. तो मी माझ्या वहिनीला देतो. दादाला नाही, वहिनीला. मी सोळाव्या वर्षी शाळा सोडून तंबू ठोकणाऱ्या मंडळींबरोबर निघालो तेव्हा दादा म्हणाला, "जा, आठ दिवसांत शेपूट घालून येशील." वहिनी नवी नवरी होती, तिला बोलायची सोय नव्हती. तिने माझ्या पिशवीत मोज्यांचे दोन जोड टाकले. तंबूवाल्यांकडून मी पुढे भांडी घासायला गेलो, तिथून एका नाटक कंपनीचं सामान वाहायला, आणि सामान वाहता वाहता नाचायला. मोजे फाटेपर्यंत वापरले. हिस्सा तिला.

कलम दोन, जंगम. मोठा स्पीकर, त्याची वायर आणि वायरीला चिकटपट्टी लावलेली जागा नीट सांभाळण्याची जबाबदारी, हे सगळं माझा मित्र ठेका याला. खरं नाव तोही विसरला असेल. सात वर्षं तो वाजवतो आणि मी नाचवतो. भांडणं भरपूर झाली, पण तालीम सुरू झाली की तो माझ्या पायांकडे बघून वाजवतो, तोंडाकडे बघत नाही, म्हणून टिकलो.

कलम तीन. ताल धरायची शिसवी काठी माझ्या बाईंना परत द्यावी. बाई म्हणजे पिठाच्या गिरणीच्या माडीवर ज्यांनी मला फुकट शिकवलं त्या. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण काठी जमिनीवर आपटली की पायातून कळतं म्हणतात. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "अरे, पोरं तुझं ऐकत नसतात. पोरं तुला बघतात. तोंडाने काय वाट्टेल ते बडबड, अंगाने खोटं बोलू नकोस." तेव्हा मी मान डोलावली होती. मान डोलवण्यात मी पटाईत आहे.

कलम चार, जुना राग. दादा माझा एकही कार्यक्रम बघायला आला नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो. ते खोटं आहे. एकदा आला होता. बाहेर लोकांच्या स्कूटर राखत उभा राहिला. का, तर म्हणे आत गर्दी होती. आत सतरा माणसं होती, त्यातली दोन झोपलेली. तो राग मी आज सोडला, असं समजावं. पूर्ण नाही, पण सोडला.

कलम पाच. माझ्या तालमीच्या वह्या, एकूण अकरा, माझ्या गटातल्या आठ बायकांना. त्यात काडीकाडीची माणसं काढली आहेत आणि खाली मात्रा लिहिल्या आहेत. कुठे चहाचे डाग आहेत, ते नाचाचा भाग समजू नयेत. हे गमतीत लिहीत नाही. एका गावात मी लहान पोरांचा नाच बसवत होतो. सर्दी झाली होती, सहाव्या मात्रेला माझं नाक खाजायचं. कार्यक्रमाच्या दिवशी पडदा उघडला आणि सहाव्या मात्रेला बावीसच्या बावीस पोरांनी एकदम नाक खाजवलं. आयांनी टाळ्या वाजवल्या. एक वडील मला येऊन म्हणाले, "ते नाकाचं छान होतं, काय अर्थ होता?" मी म्हटलं, "वास." मी हसलो, तेही हसले. त्या दिवशीच मी शहाणं व्हायला हवं होतं.

इथे कलम सहाची जागा मोकळी सोडून मी कलम सात आधी लिहून टाकलं आहे, ते खाली दिसेल. तीन दिवस मागेपुढे केलं. आता सहा.

कलम सहा. "आठ खिडक्या" हा नाच मी पडदेताईंना देतो.

हा नाच म्हणजे माझं नाव. अकरा गावांत झाला, पेपरात छापून आला, मला ज्या शाळांनी दारात उभं केलं नव्हतं त्यांनी शिकवायला बोलावलं ते याच्यामुळे. म्हणून तो कसा झाला ते इथे खरं लिहितो. आजवर मी ते खरं सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी रंगाच्या गोदामावरचा हॉल आम्हाला दुपारचा मिळाला. नऊ बायका आल्या. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी घरी, आणि एक पडदे शिवणाऱ्या. त्यांचं वय बेचाळीस, माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांत सगळ्यांत थोरल्या, त्यांना सगळे पडदेताई म्हणायचे. मला नाच सुचत नव्हता. मला कधीच सुचत नाही, मी लोकांकडून काढून घेतो. म्हणून मी सांगितलं, प्रत्येकीने उद्या आपल्या कामातली एक हालचाल घेऊन या. कोणी भाजी चिरली, कोणी फळा पुसला, बँकेतल्या ताईंनी शिक्का मारला. पडदेताई स्टूल घेऊन आल्या. त्यावर चढल्या, टाचा उचलल्या, हात थेट वर, कोपर कानामागे जाईल इतका वर, आणि नसलेला रॉड नसलेल्या खिळ्यावर अडकवला. मग मान मागे टाकून बघितलं की पडदा सारखा पडतोय ना. ठेक्याने वाजवायचं थांबवलं. मला कळलं, नाच हा आहे.

त्यातून "नऊ खिडक्या" बसवायला घेतला. होय, तेव्हा नाव ते होतं. आठ मात्रांवर आठ बायका एकेक पडदा लावणार, मग ठेका हात उचलणार, काही वाजणार नाही, आणि त्या शांततेत नववा हात वर जाणार. नववी जागा पडदेताईंची. मला आजही तो एक विचार स्वतःचा वाटतो. बाकी सगळं त्यांचं.

तिसऱ्या आठवड्यात माझा खांदा दुखायला लागला. बाम लावला. शिकवणं चालूच होतं. हॉलमध्ये आरसा नव्हता. हात मी पूर्ण वर नेतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तो खांद्याच्या रेषेत येऊन थांबत होता, आणि मी तिथेच मनगट वळवून रॉड अडकवत होतो. बायका मला बघत होत्या. दहा दिवसांत आठ जणींचे हात अर्ध्यावर आले. कोणी विचारलं नाही. मास्तरांनी बदललं असेल, असं प्रत्येकीला वाटलं. ठेक्याला वाटलं, नवीन काहीतरी डोक्यात असेल.

एकीचा हात तेवढा वर जात राहिला.

मी ओरडलो. "ताई, ओळ बिघडतेय. सगळ्यांसारखं करा."

"मास्तर, पण रॉड वर असतो. इथे धरला तर पडदा जमिनीवर लोळेल."

"रॉड विसरा. ओळ बघा."

"विसरू कसा? अठरा वर्षं लावतेय."

बायका हसल्या. मला वाटलं माझ्यावर हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, हात वर. मी म्हटलं, "तुम्हाला बघता येत नाही का मी काय करतोय ते?" त्या म्हणाल्या, "बघतेय म्हणून तर विचारतेय, मास्तर. तुमचा खांदा बरा आहे ना?"

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकतो आहे. त्यांनी मला विचारलं होतं. सगळ्यांत फक्त त्यांनी. आणि मी म्हटलं, "माझ्या खांद्याचं मी बघतो, तुम्ही तुमच्या हाताचं बघा."

कार्यक्रमाला सहा दिवस उरले असताना मी त्यांना काढलं. खरं कारण सांगायची हिंमत नव्हती, म्हणून म्हटलं, ताल आठ मात्रांचा आहे, त्यात नऊ जणी बसत नाहीत. त्यांनी स्वतःच्या बोटांवर मोजून बघितलं. मग म्हणाल्या, "शांततेतली माझी होती ना?" मी म्हटलं, शांतता काढली. त्या स्टूल उचलून निघून गेल्या. गेटवरच्या पाटीवर मी नऊ खोडून आठ केलं. त्यानंतर त्या कुठेच नाचल्या नाहीत.

कार्यक्रम झाला. पेपरवाल्याने लिहिलं की अर्ध्यावर थांबलेला हात हा या नाचाचा आत्मा आहे, त्यात पोचता न येण्याचं दुःख आहे. मी वाचून हसलो, म्हटलं हा कुठल्या हाताबद्दल बोलतोय? मग आठवड्याने चित्रफीत बघितली. आठ हात, सगळे अर्ध्यावर. माझा दुखरा खांदा आठ बायकांच्या अंगात जाऊन बसला होता, आणि जिने तो घेतला नाही तिला मी चुकीची ठरवून घरी पाठवलं होतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी मुलाखत दिली. म्हणालो, "होय, अपूर्णता हाच माझा विषय आहे." पुढे तर मी तसं शिकवायलाही लागलो. जिचा हात चुकून वर जाईल तिला खाली घ्यायला लावायचो. परवा डॉक्टरांनी विचारलं, हात वर जात नाही हे कधीपासून, तर मी झटकन महिना सांगितला. त्यांना वाटलं स्मरणशक्ती चांगली आहे.

म्हणून लिहून ठेवतो की सदर नाच, त्याचं नाव, तो बसवण्याचा व थांबवण्याचा हक्क, सगळा पडदेताईंचा. हात पूर्ण वर जातो. त्यांचं बरोबर होतं.

कलम सात. वर न लिहिलेलं जे काही उरेल ते सगळं दादाला. बँकेतलं असेल ते आधी दवाखान्याला, मग दादाला. बूट त्याला बसणार नाहीत.

इथवर लिहून झालं होतं आणि साक्षीदारांच्या सह्या तेवढ्या बाकी होत्या. पण आज सकाळी या टेबलापाशी जे घडलं त्यामुळे आणखी एक कलम वाढवणं भाग आहे. सगळे बसले आहेत आणि मी लिहितो आहे. टंकलेखक काकांनी दोनदा घड्याळ बघितलं.

ठेका साक्षीदार म्हणून आला होता. काकांनी विचारलं, "यात तुम्हाला काही मिळतंय का?"

"स्पीकर," ठेका म्हणाला. "अर्धा मेलेला."

"मग सही करू नका. ज्याला मिळतं त्याने साक्ष घातली तर त्याचं मिळणं रद्द होतं. मृत्युपत्र राहतं, देणं जातं."

ठेका खुर्चीवरून असा उठला की जणू स्पीकर कोणी पळवतंय.

पडदेताईंना मीच बोलावलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा, तेही ठेक्याच्या तोंडून निरोप धाडून. वाटलं होतं, कलम सहा त्यांनी माझ्यादेखत वाचावं. बोटात अंगुस्तान तसंच घालून आल्या, दुकान उघडं टाकून. उभ्यानेच वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. काही कळेना.

"मास्तर, हे लोकांना कधी कळणार?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ना."

"आणि नाही गेलात तर?"

मी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही गुरुवारी जगलात, तर मी चुकलेलीच."

टंकलेखक काका टाईप करत होते, ते थांबले. मी म्हटलं, तसं नाही ताई. त्या म्हणाल्या, "तसंच आहे. तुम्ही मरायचं आणि मी बरोबर ठरायचं, असा सौदा करून ठेवलाय. मी काय आता देवाला साकडं घालू? कशासाठी घालू तेही सांगा." मग एकदम एकेरीवर आल्या. "तुला लाज नाही वाटली रे? मला नाच देतोयस? माझाच हात मला मृत्युपत्रात घालून देतोयस?"

मी कलमावर काट मारायला पेन उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "खोडायचं नाही. खोडण्यात तुमचा हात बसलेला आहे, माहितीये मला. लिहिलंय ते राहू दे. लोक वाचू देत. काका, मी साक्षीदार म्हणून सही केली तर माझं मिळणं रद्द ना?"

"रद्द."

"आणि लिहिलेलं राहतं?"

"लिहिलेलं राहतं."

"मग मी साक्षीदार."

ठेका म्हणाला, "अहो ताई, मग तो नाच जाणार कुठे?" काकांनी कलम सातवर बोट ठेवलं. उरलेल्यात. म्हणजे दादाकडे. माझा दादा, ज्याने आयुष्यात लग्नाच्या वरातीतही पाय उचलला नाही, तो "आठ खिडक्यां"चा मालक. ठेका इतका हसला की त्याला ठसका लागला. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आधी फोन लावा. सगळ्यांना. आत्ता, माझ्यासमोर. मग सही."

लावला. आठही जणी एकाच कॉलवर लागल्या नाहीत, बँकेतल्या ताई धरून सहा लागल्या. मी सांगितलं. वर जसं लिहिलंय तसं सांगता आलं नाही, मध्ये गाठीचंच सांगत सुटलो, तर पडदेताई म्हणाल्या, "गाठ राहू द्या. हाताचं सांगा." मग हाताचं सांगितलं. त्यांना काढलं ते खोटं कारण देऊन, तेही सांगितलं. मग बँकेतल्या ताईंचा आवाज आला, "मास्तर, दोन वर्षं मी माझ्या मुलीला सांगतेय की त्या हातात केवढा अर्थ आहे." फोन ठेवला गेला. कोणी ठेवला ते कळलं नाही.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. हे इथे नोंदवून ठेवतो, कोणाला उपयोग झाला तर.

मी विचारलं, "ताई, तुम्ही याल का पुन्हा? नवव्या जागी?"

"ते मी तुम्हाला का सांगू?" म्हणाल्या आणि सहीसाठी कागद ओढला. मी म्हटलं थांबा, एक कलम लिहायचं आहे. "लिहा. दुकान उघडं आहे माझं."

कलम आठ. वरील नाच दादाकडे जाऊ नये आणि कोणाकडेच जाऊ नये. गटाला तो करायचा असेल तर नऊ खिडक्यांचा करावा, हात पूर्ण वर न्यावा, आणि करायचा नसेल तर सोडून द्यावा, दोन्हींत माझी हरकत नाही. केला तर आठव्या मात्रेनंतर ठेक्याने हात उचलावा आणि नवव्या जागी कोणालाही उभं करू नये. नवीन मुलगी नाही, हुशार मुलगी नाही, मी तर नाहीच. ती जागा रिकामी ठेवून तेवढा वेळ जाऊ द्यावा. पडदेताई आल्या तर त्यांची, नाही आल्या तर रिकामी. हे मी गुरुवारनंतर जगलो तरी लागू आहे, आणि रविवारच्या तालमीपासून लागू आहे. काका म्हणतात, जिवंत माणसाला मृत्युपत्र लागू होत नाही. तरी लिहितो.

हे माझं पहिलंच मृत्युपत्र आहे, आधी केलेलं काही नाही. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: कोर्टासमोर, टंकलेखकांच्या रांगेत तिसरं टेबल.
वार शनिवार, तारीख अकरा, सकाळचे साडेअकरा.

सही: नाच शिकवणारा, ऊर्फ मास्तर.

साक्षीदार पहिले: टंकलेखक. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मजकुराशी माझा संबंध नाही. शुद्धलेखन तपासलेले नाही.

साक्षीदार दुसरी: पडदे शिवणारी. माझ्यासमोर सही झाली. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी माफ केलं असं यात कुठेही लिहिलेलं नाही, हे नीट बघून मगच सही केली.